मोळीची वाट

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. घरातला म्हणण्यापेक्षा गावातला म्हटलं तरी चालेल, कारण आमच्या आधी जे शिकले ते दहावीपर्यंत शिकले, आणि दहावीलाच गावात 'लय शिकला' म्हणायचे. मी खर्डीपर्यंत चालत जाऊन, पुढे मिळेल त्या गाडीने शहापूरला कॉलेज केलं. विषय इतिहास. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी आहेच, पण पुढे जे झालं ते या इतिहासापायीच झालं, म्हणून आधी सांगून टाकतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पदवी हातात होती, नोकरी नव्हती. तलाठ्याच्या परीक्षेचा अर्ज भरून ठेवला होता आणि त्या अर्जात एक रकाना होता: आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद आहे काय? मी तिथं ऐटीत 'नाही' लिहिलं होतं. त्या एका 'नाही'ने पुढे चार रात्री माझी झोप घालवली.

आमचं गाव तानसा तलावाच्या अंगाला. गावामागे डोंगर आणि डोंगराच्या नाकावर दगडी कट्टा. धरण बांधलं तेव्हाच्या कुणा साहेबाला संध्याकाळी बसून पाणी बघायची हौस होती, त्याने तो बांधून घेतला असं म्हणतात. कट्ट्यावरून अख्खा तलाव दिसतो. डोंगराच्या पायथ्याला त्याच काळातली एक बंगली. बंगलीपासून कट्ट्यापर्यंत म्हणे फरसबंदी वाट होती. 'म्हणे' अशासाठी, की माझ्या जन्माच्या सुमारालाच ती जंगलाने गिळली होती. गुरंसुद्धा तिकडे जात नव्हती.

रविवारी मुंबईची माणसं तलाव बघायला येऊ लागली होती. ग्रामसभेत विषय निघाला की वाट मोकळी झाली तर माणसं वर जातील, खाली येऊन चहा पितील, बायांची करवंदं खपतील. मी उभा राहून म्हणालो, "मी अर्ज लिहितो." आजवर गावचा कुठलाही अर्ज मी लिहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना आनंद झाला.

शहापूरला जाऊन मी तो टाइप करून घेतला. 'ऐतिहासिक पादचारी मार्गाचे पुनरुज्जीवन' असा विषय घातला. टाइप करणाऱ्याने विचारलं, "पायवाट म्हणायचंय का?" मी म्हणालो, "तुम्ही आहे तसं टाइप करा." खाली सही केली आणि सहीखाली कंसात 'बी.ए., इतिहास'.

जंगल खात्याच्या साहेबांचं उत्तर दोन ओळींचं आलं. जुनी वाट अस्तित्वात असेल तर साफ करायला हरकत नाही, आपण प्रत्यक्ष येऊन पाहू. मात्र नवीन वाट पाडली किंवा झाडं तोडली, तर अर्जदार जबाबदार राहील.

अर्जदार म्हणजे मी. पण तेव्हा मला ही ओळ फक्त सरकारी वळणाची वाटली.

श्रमदानाच्या पहिल्या दिवशी आम्ही पाच जण होतो. मी, माझे वडील, आणि चहा कोण देणार हे विचारायला आलेले तिघे. दुसऱ्या दिवशी मी आणि वडील. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "तू इतिहास शिकलास. पुढारी व्हायचं शिकला असतास तर चार माणसं तरी आली असती."

मग माझ्या डोक्यात ती अक्कल आली. होळी झाली होती. आमच्याकडे त्या दिवसांत राब करतात, म्हणजे भाताची रोपं जिथं पेरायची त्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. पाल्यासाठी माणूस डोंगर डोंगर हिंडतो. मी देवळासमोर जाहीर केलं, "वाटेवरची झुडपं जो तोडील, पाला त्याचा."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव कोयते घेऊन हजर. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत एकमेकांशी बोलणं टाकलं होतं तेसुद्धा शेजारीशेजारी छाटणी करत होते. मी वडिलांकडे अशा नजरेने पाहिलं, की शिक्षण म्हणजे काय ते आता बघा. ते वाकून पाला गोळा करत होते. आमच्याही राबाला पाला हवा होताच.

काम इतकं झपाट्याने चाललं होतं, की मी चार दिवस परीक्षेच्या कामाला शहापूरला गेलो. परत आलो आणि डोंगराकडे पाहून जागच्या जागी बसलो.

डोंगरावर एक वाट नव्हती, नऊ होत्या. खाली एका जागी सुरू होऊन हाताच्या बोटांसारख्या फाकल्या होत्या. ज्याने त्याने आपल्याला हवा तो पाला जिकडे दिसला तिकडे तोड धरली होती. ऐनाचा पाला राबाला चांगला, आणि ऐनाची झाडं काय वाटेच्या कडेने रांगेत उभी नव्हती. एक बोट तर डोंगर चढायचं सोडून आडवं वळून थेट एकाच्या शेताच्या बांधाला जाऊन टेकलं होतं. मी त्याला विचारलं, "अरे, वाट वर न्यायची होती ना?"

तो म्हणाला, "वर न्यायची. पण पाला खाली आणायचा ना?"



संध्याकाळी जंगलाचा गार्ड आला. माणूस वाईट नव्हता. नवीन होता आणि नियमाला फार धरून होता. माझ्या शेजारी उभा राहून तो बराच वेळ डोंगराकडे बघत राहिला.

"ग्रॅज्युएट," तो म्हणाला, "ह्यातली ऐतिहासिक कोणची?"

"शोधतोय."

"घाव तर परवाचे दिसतात." त्याने एका छाटलेल्या फांदीच्या तोंडावर बोट फिरवलं. "साहेब सोमवारी येताहेत. जुनी वाट दाखवलीत तर बरं. नायतर ही सगळी तोड अर्जदाराच्या नावावर. मला लिहावंच लागंल."

आज गुरुवार होता. मला तलाठ्याच्या अर्जातला तो रकाना दिसायला लागला.

शुक्रवारी मी दिवसभर डोंगरावर होतो. कॉलेजातून आणलेली जुनी नकाशाची पुस्तकं उघडली. सूर्य बघितला, उतार बघितला, तो धरणाचा साहेब घोड्यावरून जात असेल तर वळण कसं घेईल याचा विचार केला. पानिपतावर रसद कुठून तुटली हे मी पानभर लिहू शकत होतो, पण आमच्या मागच्या डोंगरावर एक फरसबंदी वाट मला सापडेना. रात्री वडील जेवताना म्हणाले, "वरच्या पाड्यावरची म्हातारी बंगलीला लाकडं घालायची. तिला इचारलंस?"

मी तिला विचारलं नव्हतं, आणि का नव्हतं ते सांगायला मला आजही जड जातं. म्हातारीला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. ती कुठल्या नकाशात नव्हती.

शनिवारी पाड्यावर गेलो. म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली होती. साठी कधीच उलटलेली, अंगाने काडीसारखी आणि आवाजाने खणखणीत.

"मावशी, बंगलीची वाट ठाऊक आहे का?"

"माझी निम्मी हयात गेली तिच्यावर. मला ठावं नसंल तर कुणाला?"

मी आनंदाने तिला खाली बंगलीजवळ घेऊन आलो. ती उभी राहिली. डोंगराकडे बघितलं. इकडे चार पावलं गेली, करवंदाच्या जाळीत शिरली, पदर सोडवत बाहेर आली. तिकडे चार पावलं गेली, परत आली. तिसऱ्यांदा ती खाली बसली आणि मला म्हणाली, "नाय रे पोरा. हितनं मला नाय कळत."

"अहो, पण तुम्ही तर म्हणालात निम्मी हयात..."

"उतरण्यात गेली. चढण्यात नाय."

मला काही समजलं नाही. तेव्हा तिने मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. बाया सकाळी डोंगरात शिरत त्या विखरून शिरत. एक इकडनं, एक तिकडनं, वाळकं लाकूड जिथं दिसेल तिथं. चढताना वाट कुणाला लागतच नसे. मोळ्या बांधून झाल्या की सगळ्या वर कट्ट्यापाशी गोळा होत, आणि मग डोक्यावर मोळी घेऊन ओळीने खाली. "वाट ओझ्याला लागते. मोकळ्या माणसाला कशाला वाट?"

मी इतके दिवस ती वाट खालून वर शोधत होतो.

रविवारी म्हातारीला बाजार होता आणि साहेब सोमवारी दुपारी येणार होते. सोमवारी उजाडताच मी, वडील आणि म्हातारी डोंगर चढलो. चढायला त्या नऊ वाटांचा उपयोग झाला, तेवढं खरं. कट्ट्यावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि खाली तलाव पसरला होता, मधल्या बेटांवर झाडं, पाण्यावर धुक्याचा पातळ थर. माझे वडील जन्मभर या डोंगराच्या खाली राहिले, पण इथं बसायला कधी आले नव्हते. ते कट्ट्यावर टेकले आणि पाण्याकडे बघत राहिले.

"मुंबईला जातं म्हणे हे सगळं," ते शेवटी म्हणाले.

"आपण बघून घ्यायचं तेवढं," म्हातारी म्हणाली. "मी पण आज बघते. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाय."

मी म्हणालो, "मावशी, आता वाट."

ती उठली. कट्ट्याच्या डावीकडे गेली, थांबली. उजवीकडे गेली, थांबली. 

"नाय कळत," ती म्हणाली. "मोळी आणा."

"काय?"

"मोळी रे. डोक्यावर ओझं नाय तर पाय कसे सांगतील?"

वडिलांनी काही न विचारता वाळकं गोळा करायला सुरुवात केली. मला वाटत होतं, हे दोघं मिळून माझी उरलीसुरली अब्रू घालवणार. मोळी बांधून झाली. वडिलांनी वयाचा विचार करून ती लहान बांधली होती. म्हातारीने चुंबळ डोक्यावर ठेवली, मोळी घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"ही काय मोळी? केरसुणी बांधलीस काय? आणखी घाल."

आणखी चार लाकडं घातली. तिने मान सावरली, पाठ ताठ केली, आणि मी काही विचारायच्या आत चालू लागली.

कट्ट्याच्या ना डाव्या अंगाने, ना उजव्या. सरळ मागच्या बाजूने, जिथं मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. झुडपं होती, पण ती त्यांच्यामधून अशी गेली, की जणू दार उघडं होतं. मी खुणांसाठी आणलेली चुन्याची पिशवी घेऊन मागे पळालो, दर दहा पावलांवर मूठभर चुना टाकत. ती मागे बघत नव्हती, बघू शकत नव्हती. सगळं बोलणं पुढे तोंड करून.

"मावशी, हळू."

"ओझं घेतल्यावर हळू नाय चालता येत. तू जोरात चाल."

"मावशी, चुना संपेल."

"मंग कमी टाक."

वडील मागून येत होते आणि हसत होते. मी त्यांना मोठ्याने हसताना फार कमी वेळा पाहिलंय.

एका ठिकाणी ती एकदम थांबली. समोर करवंदाची दाट जाळी. "हितं दगड हाय," ती म्हणाली. आम्हाला दगड दिसेना. ती पाठमोरी झाली, जाळीकडे दोन पावलं मागे सरकली आणि मोळीचं मागचं टोक कशावर तरी टेकलं. ठक असा आवाज आला. वडिलांनी कोयत्याने जाळी बाजूला केली. छातीइतका उंच घडीव दगड, माथा गुळगुळीत झालेला. बायांनी वाकून खाली न बसता ओझं टेकवावं म्हणून उभा केलेला. वडिलांनी पायाने माती सारली. खाली फरसबंदी. एक दगड, मग दुसरा, मग तिसरा, एकमेकांना चिकटून.

मी तिथं खाली बसलो आणि त्या फरशीवर हात फिरवला. इतिहासाच्या पुस्तकात मी कितीतरी फरशा वाचल्या होत्या, पण हात एकीलाही लावला नव्हता.

"बसतोस काय?" म्हातारी म्हणाली. "दगडाला तीन श्वास टेकायचं, ते झाले. चला."

असे चार दगड. दोन आणि तीनच्या मध्ये उतार घसरडा होता, तिथं ती पहिल्यांदाच सावकाश झाली आणि कुणाला तरी शिव्या घालत उतरली. कुणाला ते मी विचारलं नाही, पण तो इसम बहुतेक कट्टा बांधणारा साहेब होता.

माझा हिशेब असा होता, की वाट बंगलीच्या पुढच्या फाटकाशी निघेल, तिथं आम्ही चुन्याने मोठी खूण करू, म्हातारी मोळी टाकून घरी जाईल आणि दुपारी साहेब येतील. पण मोळी फाटकाशी कोण नेणार? वाट निघाली बंगलीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. आणि साहेब दुपारी येणार होते ते सकाळीच आले होते. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत होते. शेजारी गार्ड उभा होता.

झाडीतून म्हातारी बाहेर आली. डोक्यावर जंगलातली मोळी. तिने साहेबांकडे बघितलं नाही, गार्डकडेही नाही. बंद दारासमोर उभी राहून नेहमीच्या सवयीने हाक मारली, "मोळी उतरवा गो कुणीतरी."

आतून कुणी आलं नाही. ते स्वयंपाकघर बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

गार्डचं तोंड उतरलं. जंगलातून काडीसुद्धा बाहेर जात नाही, असं तो बहुतेक त्याच चहावर साहेबांना सांगत असावा. त्याने झटकन वही काढली.

मी चुन्याने पांढरा झालेला, मागे वडील कोयता घेऊन. मी बोलायला गेलो तर गार्ड म्हणाला, "तुमी थांबा, ग्रॅज्युएट. आधी हे." आणि म्हातारीला विचारलं, "कुठनं आणलीत?"

"वरनं."

"कशी आलात?"

"कशी म्हंजे? चालत."

"कुठल्या वाटेनं?"

"ह्याच. दुसरी कुठली वाट हाय बंगलीला?"

वडिलांनी पुढे होऊन मोळी उतरवली. म्हातारी पदराने घाम पुसत ओट्याच्या पायरीवर बसली. गार्ड भराभरा लिहीत होता. त्याचं अक्षर चांगलं होतं, आणि लिहिण्याच्या नादात तो माणूस इतर सगळं विसरायचा.

साहेबांनी कप खाली ठेवला. "वाचा काय लिहिलंत."

गार्डने उभं राहून वाचलं. "सदर महिला डोक्यावर वाळक्या लाकडाची मोळी घेऊन कट्ट्याकडून जुन्या पायवाटेने उतरून बंगलीच्या मागील दाराशी आली असता..."

"थांबा. कुठल्या वाटेने?"

"जुन्या पायवाटेने, साहेब."

"अर्ध्या तासापूर्वी तुम्ही म्हणालात इथं वाट नाही."

गार्डने वहीकडे पाहिलं, मग झाडीकडे पाहिलं. तिथून खाली येणारी चुन्याची रेघ ओट्यावरूनही दिसत होती.

"तेव्हा नव्हती, साहेब," तो म्हणाला.

साहेब उठले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "अर्जदार तुम्हीच ना? चला दाखवा." आम्ही चुन्याच्या खुणांनी वर गेलो. साहेब तिसऱ्या दगडापर्यंत आले, फरशी बघितली, दगडाच्या गुळगुळीत माथ्यावर तळहात ठेवला, आणि त्यांना इतका दम लागला होता की तिथंच टेकले. वरच्या बाजूला त्या नऊ वाटांपैकी दोन दिसत होत्या. "आणि हे काय?"

मी खरं सांगितलं. राबाचं, पाल्याचं, देवळासमोर केलेल्या जाहिरातीचं. इतकं सविस्तर मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही बोललो नव्हतो. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, फांद्या तोडल्यात, झाडं नाही, म्हणून सोडतो. पावसाळ्यात त्या नऊही ठिकाणी रोपं लावायची आणि ती अर्जदाराने लावायची. मी हो म्हणालो. त्या पावसाळ्यात मी आणि वडिलांनी चिखलात उभं राहून ती लावली, आणि ज्यांनी पाला नेला होता त्यांतला एकही फिरकला नाही. राब झाला होता ना त्यांचा.

खाली आलो तेव्हा म्हातारी तिथंच बसून गार्डच्या पेल्यातला चहा पीत होती. साहेब म्हणाले, "वाळकं आहे, घरच्या चुलीपुरतं आहे, यात गुन्हा नाही. पण तो कागद फाडू नका. जबाब म्हणून ठेवा. जुनी वाट अस्तित्वात आहे याला खात्याजवळ आता हाच पुरावा आहे. म्हातारीचा अंगठा घ्या."

 नोकरीच्या अर्जातला रकाना जसा होता तसा राहिला.

गार्डने शाईचा डबा पुढे केला. म्हातारीने अंगठा मागे घेतला. "आधी वाचून दाखव काय लिव्हलंय. आन् तू नको. तो शिकलेला वाचूंदे."

मी वाचलं. तिने सगळं नीट ऐकलं आणि मान हलवली. "बरोबर हाय. पण अर्धंच हाय."

"काय राहिलं, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या नि तिसऱ्या दगडाच्या मध्ये वाट घसरते. तितं चार पायऱ्या करून द्या, असं लिव्हा. मी नवी सून होते तवापासून सांगते, कुणी लिव्हलंच नाय."

गार्डने साहेबांकडे पाहिलं. जबाबात मागणी कशी लिहायची, हे त्याला कुठल्याच नियमात सापडत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गार्डच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच कागदाच्या खाली, जशी ती बोलली तशीच ओळ लिहिली. टाइप करणाऱ्याला आवडली असती.

मग तिने अंगठा उमटवला आणि विचारलं, "पायऱ्या कवा होतील?"